पंचांगाचे कोडे उलगडणारे गुरुजी : शंकर बाळकृष्ण दीक्षित

मुलांनो, आपल्या घरी दर महिन्याला संकष्टी येते, दोन एकादश्या येतात, पौर्णिमा आणि अमावास्या येते. इमारतीतल्या तमिळ शेजाऱ्यांकडे पाहा. त्यांच्याकडेही संकष्टी आहे, तिला ते संकटहर चतुर्थी म्हणतात. दोन्ही पक्षांतल्या त्रयोदशीला ते प्रदोष पाळतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास शंकराला व नंदीला अभिषेक करतात. षष्ठीला मुरुगनचा म्हणजे कार्तिकेयाचा उपास असतो. अमावास्येला पितरांना तीळ-पाणी देतात. पौर्णिमेला तिरुवण्णामलैच्या डोंगराला सुमारे १४ किलोमीटरची प्रदक्षिणा घालायला हजारो लोक जातात. तिथ्या त्याच, चंद्रही तोच. मग त्यांचे नवे वर्ष १४ एप्रिलच्या सुमारास आणि आपला पाडवा दर वर्षी वेगळ्या तारखेला, असे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका मराठी शाळामास्तरांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही हेच गाव. घरची परिस्थिती बेताची होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि ते मॅट्रिक झाले. कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांनी मास्तरकी केली आणि शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातच ते शिकवू लागले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात ज्योतिषाचे ग्रंथ, असा त्यांचा क्रम होता. येथे ज्योतिष म्हणजे भविष्य सांगणे नव्हे, ग्रहताऱ्यांचे गणित. मुलांसाठी व सामान्य वाचकांसाठी त्यांनी आकाशाची ओळख करून देणारे 'ज्योतिर्विलास' हे पुस्तकही लिहिले.

आता थोडे गणित पाहू. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते. पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणून तिथ्या ३०. हा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा होतो. पण चंद्राची चाल सारखी नसते, त्यामुळे तिथी कधी सुमारे २० तासांची, तर कधी जवळजवळ २७ तासांची असते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. म्हणूनच कधी एखादी तिथी गळते, तर कधी तीच दोन दिवस येते.

आपले महिनेही चंद्रावर चालतात. तमिळ महिने मात्र सूर्यावर चालतात. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की त्यांचा महिना बदलतो. संक्रांत सूर्यास्तापूर्वी झाली तर त्याच दिवशी नवा महिना, नाहीतर दुसऱ्या दिवशी. म्हणजे महिना सूर्याचा आणि व्रताची तिथी चंद्राची, असा त्यांचा जोड आहे. आपली आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, ती त्यांची आडि अमावास्या. आपण दिवे पुजतो, ते पितरांना स्मरतात. २०२३ साली त्यांच्या आडि महिन्यात १७ जुलै आणि १६ ऑगस्ट अशा दोन अमावास्या आल्या. त्या दोहोंमधला महिना आपल्याकडे अधिक श्रावण होता. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास. तेच कोडे, सोडवण्याच्या रीती दोन.

दीक्षितांच्या काळी हे सगळे संस्कृत ग्रंथांत आणि पंचांगकर्त्यांच्या कोष्टकांत विखुरलेले होते, आणि त्यावर फार मोठ्या गोष्टी अवलंबून होत्या. मध्य प्रदेशात एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ कोरलेला आहे. पण गुप्त संवत् सुरू झाला कधी, यावर विद्वानांत मोठा वाद होता. फ्लीट या इंग्रज संशोधकाने दीक्षितांकडे गणित सोपवले. तिथी आणि वार दोन्ही जुळले पाहिजेत, ही त्यातली गोम. चुकीचे साल धरले की द्वादशीला गुरुवार येत नाही. दीक्षितांच्या गणिताने तो दिवस २१ जून ४८४ ठरला. गुप्त संवत् इ. स. ३१९-२० पासून धरावा, याला भक्कम आधार मिळाला. फ्लीटचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला. तोपर्यंत पस्तिशीत आलेल्या या मास्तरांनी भारताच्या इतिहासातली एक मोठी गाठ सोडवायला हात लावला होता.

पुढे रॉबर्ट सेवेल यांच्याशी त्यांचे सहकार्य झाले. सेवेल मद्रास इलाख्यात अधिकारी होते आणि दक्षिणेतील शिलालेखांचा त्यांचा अभ्यास होता. देवळांच्या भिंतींवरच्या तमिळ लेखांतले दिवस इंग्रजी तारखांत कसे आणायचे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. या दोघांनी मिळून लिहिलेला 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनला छापला गेला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतची कोष्टके त्यात आहेत. तो केवळ इतिहासकारांसाठी नव्हता. कोर्टात जुने म्हणून बनावट कागद येत. कागदावरची तिथी आणि वार जुळत नसतील तर लबाडी पकडता येई. या ग्रंथात हिंदू तिथ्यांबरोबर हिजरी तारखांचीही कोष्टके आहेत. आपण अमिरातीत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, त्यात अधिक मास नाही, म्हणून रमझान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. आपला गणपती मात्र अधिक मासामुळे पावसाळ्याच्या आसपासच राहतो.

त्याच वर्षी, १८९६ मध्ये, त्यांचा मराठी ग्रंथ 'भारतीय ज्योतिःशास्त्र' पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचे ज्योतिषी, त्यांचे ग्रंथ आणि प्रांतोप्रांतीची पंचांगे यांचा हा इतिहास आहे. त्याला दक्षिणा प्राइज कमिटीचे पारितोषिक मिळाले. या विषयावरचा एवढा मोठा ग्रंथ मुळात मराठीत लिहिला गेला, पुढे हिंदीत आणि इंग्रजीत गेला. आपली भाषा शनिवारी तासभर शिकताना कंटाळा आला, तर हे आठवावे.

दीक्षितांचा आणखी एक शोध कृत्तिकांविषयी आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे. त्यांनी विचार केला, आज तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा बदलतात. उलट गणित करून त्यांनी तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा काढला. यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि सर्वांना ते अनुमान आजही मान्य नाही. पण जुने वाक्य आकाशाशी ताडून पाहायचे, ही दृष्टी त्यांनी दिली. याच कृत्तिकांनी कार्तिकेयाला वाढवले अशी कथा आहे. म्हणून चंद्र दर २७ दिवसांच्या सुमारास कृत्तिका नक्षत्रात आला की तमिळ लोक मुरुगनची पूजा करतात.

पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ऋतू आणि महिने यांची फारकत होऊ नये, असा त्यामागचा विचार. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. तमिळ प्रांतातही जुने वाक्य पंचांग आणि नवे तिरुक्कणित पंचांग असा भेद आजवर चालू आहे. दीक्षित एप्रिल १८९८ मध्ये वारले. वय अवघे ४४. मोठे ग्रंथ छापून दोन वर्षेही झाली नव्हती. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, ती सायन मानाचीच आहे.

आता आपल्या उपयोगाचे. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगाला एकच असतो, पण सूर्योदय आणि चंद्रोदय ज्या त्या गावाचे. समजा उन्हाळ्यात एखादी तिथी भारतात सकाळी साडेसहाला संपते. मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवला, म्हणून ती त्या दिवसाची तिथी. दुबईच्या घड्याळात तो क्षण पहाटे पाचचा. येथे सूर्य उगवायला अजून अर्धा तास असतो आणि तोवर पुढची तिथी लागलेली असते. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली मुंबईची वेळ पाहून येथे संकष्टी सोडू नये. पालकहो, येथील वेळा काढणे आता संगणकाला क्षणाचे काम आहे. पण ते मुलांकडून एकदा वहीत करवून घ्यावे, असे आम्हांला वाटते. दुसऱ्याची तारीख उतरवून घेणे निराळे आणि ती कशी आली हे समजणे निराळे.

मुलांनो, या महिन्यासाठी एक काम. सलग पंधरा दिवस सूर्यास्ताला चंद्र कुठे आहे ते गच्चीवरून पाहा आणि वहीत चित्र काढा. डिसेंबरमध्ये रात्री दहाच्या सुमारास मान वर करा. कृत्तिकांचा झुबका जवळजवळ डोक्यावर दिसेल. आणि शेजारच्या तमिळ मित्राला पुढचा प्रदोष कधी आहे ते विचारा. दिवस तुमच्या पंचांगातल्या त्रयोदशीशी ताडून पाहा.