लोकमान्य टिळक आणि त्यांचा मधुमेह

शिक्षक मित्रांनो, पालकहो, १ ऑगस्ट जवळ आला की शाळेत भाषणांची तयारी सुरू होते आणि दर वर्षी तीच शेंगांच्या टरफलांची गोष्ट ऐकू येते. टिळकांना मधुमेह होता, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही. नांदेड-लातूरकडे आज घरोघरी साखरेच्या गोळ्या आहेत, म्हणून या वर्षी ही बाजूही सांगून बघा.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. लहानपणी तब्येत किरकोळच. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, कुस्ती, पोहणं यात घातलं. वर्ष गेलं, पण शरीर कमावलं. पुढची शाळा, 'केसरी', गणेशोत्सव तुम्हाला माहीतच आहे. आपल्या भागाशीही त्यांचा संबंध होता बरं का! १८९१ मध्ये भागीदारांसोबत त्यांनी लातूरला कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली होती.

२२ जुलै १९०८ ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी ५२ पूर्ण होणार होते, त्यात मधुमेह. रवानगी झाली ब्रह्मदेशातल्या मंडालेला. आता विचार करा, तेव्हा इन्सुलिन नव्हतं, आजच्या गोळ्या नव्हत्या, बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र नव्हतं. साखर कळायची ती लघवी तपासून. उपाय एकच, खाण्यावर ताबा. डॉक्टर काय खावं ते सांगेल, पण रोज ताटासमोर बसणार रोगी स्वतः! टिळकांनी तुरुंगात पथ्य पाळून हा आजार आटोक्यात ठेवला. तिथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहून काढलं.

घरी पुण्यात सत्यभामाबाईंनाही मधुमेहच होता. ७ जून १९१२ ला त्या गेल्या. बातमी तारेनं मंडालेत पोचली. नवरा-बायकोला आजार एकच, पण मध्ये समुद्र आणि तुरुंगाची भिंत. माझ्या मते टिळकांच्या चरित्रातला सगळ्यात जड प्रसंग हाच, आणि पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींतही येत नाही.

जून १९१४ ला सुटका झाली. त्यानंतर होमरूलचे दौरे केले, विलायतेला जाऊन आले. मधुमेह सोबत होताच. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात त्यांचं निधन झालं. इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन कॅनडात एका मुलाला दिलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. म्हणजे दीड वर्षाचंच अंतर!

त्याच काळात अमेरिकेत बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन रोग्यांना वर्गात बसवल्यासारखं शिकवत होते. काय खायचं, लघवी कशी तपासायची, पायाची काळजी कशी घ्यायची. १९१८ मध्ये त्यांनी खास रोग्यांसाठी पुस्तकही काढलं. डॉक्टर असून त्यांनी काम केलं ते आपलंच, शिक्षकाचं.

मुलांना सांगताना एक गोष्ट नीट सांभाळा. टिळकांकडे औषध नव्हतं म्हणून ते नुसत्या पथ्यावर राहिले. हे ऐकून कुणाच्या आजोबांनी गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करायला नको. त्यापेक्षा मुलांना घरी विचारायला लावा: आजी, तुझी साखर शेवटची कधी तपासली? गोळी जेवणाआधीची की नंतरची? रोज पाय बघतेस का, कुठं जखम आहे का? उत्तरं वहीत लिहून आणायला सांगा.