सासवण्याच्या अंगणातला शिल्पकार

मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरले आणि अलिबागच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात सासवणे गाव येते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या. यांतल्याच एका वाडीत, घरासमोरच्या अंगणात, एक म्हैस निवांत बसलेली दिसते. तिच्या पाठीवर झाडाची सावली हलते, पण ती स्वतः हलत नाही. मग लक्षात येते, की ही म्हैस सिमेंटची आहे. तिला घडविणारे शिल्पकार म्हणजे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर.

नानासाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी याच सासवण्यात झाला. त्या काळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. घरात गणपतीच्या मूर्ती करण्याची आवड होती. माती मळायची कशी, तिला आकार द्यायचा कसा, याचे पहिले धडे मुलाने घरातच गिरवले. कोकणातल्या पोराला मातीचे वेड असणे यात नवल नव्हते, पण या मुलाची नजर निराळी होती. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावर स्वार झालेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर असताना ते त्यांच्या दृष्टीस पडले. हा इंग्रज अधिकारी रसिक होता. चित्र कोणाचे म्हणून त्याने चौकशी केली आणि मुलाच्या मुंबईतील शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. विनायक करमरकर सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि तेथील मानाचे मेयो पदक मिळवून बाहेर पडले.

पुढे त्यांना रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांचा आधार मिळाला आणि ते कलकत्त्यास गेले. तेथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली, नाव मिळवले. १९२० साली अधिक शिक्षणासाठी त्यांनी इंग्लंड गाठले आणि लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिल्पकलेचा अभ्यास केला. माणसाच्या शरीराचा सांगाडा, स्नायूंची ठेवण, कपड्याची चुणी कुठे पडते आणि का पडते, हे सारे त्यांनी तेथे पारखून घेतले.

मायदेशी परतल्यावर त्यांच्यासमोर जे काम आले, त्याने ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पुण्यात शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक उभारण्याचा संकल्प सोडला होता. नोव्हेंबर १९२१ मध्ये भांबुर्ड्यात इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याची कोनशिलाही बसली. पण १९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराजांचे निधन झाले. स्मारकाला हातभार लावणारे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही १९२५ साली गेले. रेंगाळलेले हे काम राजाराम महाराजांनी पुढे नेले आणि अश्वारूढ पुतळ्याची जबाबदारी करमरकरांवर आली.

पुतळा साडेतेरा फूट उंच आणि सुमारे आठ टन वजनाचा. एवढा मोठा ब्राँझचा पुतळा हिंदुस्थानात ओतता येईल, यावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता. मोठे पुतळे विलायतेतून घडवून आणण्याचा तो काळ. करमरकरांनी मात्र मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम करवून घेतले. ओतकामात हिशेब चुकला, धातू कुठे आधी थिजला किंवा साच्यात हवा अडकली, तर कित्येक महिन्यांची मेहनत एका क्षणात वाया जाते. ती वेळ आली नाही. घाट ओलांडून पुतळा पुण्यात आला आणि १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. भांबुर्ड्याचे पुढे शिवाजीनगर झाले. तेथील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात हा पुतळा आजही उभा आहे. देवळाच्या भिंतीवर घोडेस्वार रेखाटणाऱ्या मुलाचा हात जणू पुन्हा त्याच विषयाकडे वळला होता.

एवढी कीर्ती मिळालेला कलावंत मुंबईतच रमला असता, तर कोणी नावे ठेवली नसती. राजेरजवाडे, पुढारी, शेठसावकार यांचे पुतळे करून घेणाऱ्यांची रीघ होतीच. पण पुतळा करून घेणाऱ्याची एक अट असते. त्याला आपले माणूस आहे त्याहून भारदस्त दिसायला हवे असते. नानासाहेबांचा जीव मात्र साध्या माणसांत गुंतला होता. म्हणून ते सासवण्याकडे ओढले गेले. तिथे त्यांनी घर बांधले आणि कोणी सांगितले नसताना, कोणाच्या पैशाची वाट न पाहता, स्वतःच्या आनंदासाठी शिल्पे घडविली. कोळीण, शंख फुंकणारा, येणाऱ्याला नमस्कार करणारी स्त्री, घरचे कुत्रे आणि ती म्हैस. अशी शंभराहून अधिक शिल्पे त्या घरात आणि अंगणात आहेत.

ब्राँझ महाग, संगमरवर दूरचा. नानासाहेबांनी सिमेंटला आपलेसे केले. आधी मातीचा नमुना करायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि साच्यात सिमेंट भरायचे. इमारतीला वापरायचा हा रुक्ष माल त्यांच्या हातात मऊ होई. लुगड्याचा ओचा, म्हशीच्या मानेवरच्या वळ्या, म्हाताऱ्या कातडीच्या सुरकुत्या त्यातून उमटत. साधारण याच काळात, १९३८ साली, तिकडे शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी काँक्रीट आणि खडी वापरून झाडांखाली आपले संथाल कुटुंब उभे केले. दोघांची शैली अगदी वेगळी. रामकिंकरांचे काम खडबडीत आणि वेगवान, करमरकरांचे हुबेहूब आणि शांत. पण गरिबांच्या प्रतिमा संग्रहालयातल्या काचेआड न ठेवता, त्या जिथल्या तिथे, मोकळ्या आभाळाखाली असाव्यात, ही ओढ दोघांची एकच.

मोकळे आभाळ मात्र फुकट मिळत नाही. कोकणचा पाऊस शिल्पावर शेवाळ चढवितो, खारे वारे सिमेंटच्या भेगांतून आत शिरतात आणि आतल्या लोखंडाला गंज धरला की तो फुगून वरचा थर उडवितो. अशा शिल्पांना घरच्या माणसासारखे सांभाळावे लागते. भारत सरकारने पद्मश्री देऊन नानासाहेबांचा गौरव केला. १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी हे शिल्पालय जपले, म्हणूनच आजही ते आपल्याला पाहता येते.

हे सारे पुण्याच्या पश्चिमेकडच्या वाचकांना विशेष जवळचे वाटावे. मुळशी तालुक्यातले माण हे काल-परवापर्यंत भातखाचरांचे गाव. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल माणच्या शिवारापर्यंत पसरले आणि खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. रोजगार आला, घरे सुधारली, हे चांगलेच झाले. पण चिखलात उभे राहून आवण लावणारी बाई कशी वाकते, औतावरचा बैल मान कशी टाकतो, हे आता माणमधल्या लहान मुलाला दाखवायचे कुठे? फोटोत ते दिसेल, पण त्याच्याभोवती फिरता येणार नाही, त्याच्या पाठीवर हात ठेवता येणार नाही. नव्या संकुलांतून बागा होतात, कारंजी उडतात. त्याच बागांच्या कडेला, त्याच मातीत राबलेल्या माणसांची आणि जनावरांची शिल्पे बसली, तर नव्या पिढीला आपण कोणाच्या शेतावर उभे आहोत ते न सांगता कळेल.

माणहून शिवाजीनगरकडे आखलेल्या मेट्रोमार्गाच्या दुसऱ्या टोकापासून करमरकरांचा अश्वारूढ पुतळा फार दूर नाही. एखाद्या रविवारी मुलांना तो दाखवावा. पुढे सुट्टी मिळाली की सासवण्याला जावे. शिवाजीनगरला मुले मान वर करून पाहतील, सासवण्यात म्हशीशेजारी उकिडवी बसतील. एकाच माणसाच्या हाताने दोन्ही केले, हे त्यांना तिथे सांगावे.