संकटातील सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की मुलींची शाळा आठवते. पण दुष्काळात आणि प्लेगात त्यांनी लोकांना दिलेला धीरही भगिनींनी आठवावा असा आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यात नायगावी त्यांचा जन्म झाला. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नरकडे ओतूरला होत्या. तेथील लोकांचे हाल त्यांनी जोतीरावांना पत्राने कळविले आणि सत्यशोधक मंडळींबरोबर भुकेल्यांसाठी त्या झटल्या.

१८९० साली जोतीराव गेले. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. गाठीच्या तापावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. भीतीने माणूस माणसाला शिवेना. अशा वेळी त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत यास बोलावून हडपसरजवळ माळावर दवाखाना सुरू केला. वय सहासष्ट, तरी रोग्यांना त्या स्वतः आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

औषध हाती नसले तरी उशाशी बसणारे माणूस असावे, हे त्यांनी करून दाखविले. शेजारी संकट आले तर आपणही निदान दार लावून बसू नये.