ठासणीची बंदूक आणि खडकीचं काडतूस

पनवेलच्या नाट्यगृहात एकांकिका बघायला गेला असाल, तर पाटीवरचं नाव नक्की वाचलं असेल : आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके. कर्नाळ्याच्या ट्रेकला जाताना हायवेवर शिरढोण लागतं, ते त्यांचं गाव. शाळेतला धडाही थोडाफार आठवत असेल. बंड केलं, पकडले गेले, एडनच्या तुरुंगात वारले. पण बंड फेब्रुवारीत सुरू झालं आणि जुलैत संपलं, अवघ्या पाच महिन्यांत. असं का झालं? पैशांची चणचण होती, लुटीच्या वाट्यावरून कुरबुरी होत्या, ही कारणं आहेतच. आणखी एक कारण मात्र शिशाच्या गोळीत दडलंय.

किल्लेदाराचा नातू

4 नोव्हेंबर 1845 हा वासुदेवरावांचा जन्मदिवस. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली. ज्या सुळक्याखाली आपण सेल्फी काढतो, तो या मुलाला घरातून दिसायचा तो गेलेल्या राज्याची खूण म्हणून. 1857चा उठाव झाला तेव्हा ते जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते.

पुढे इंग्रजी शिक्षण झालं आणि नोकरी लागली पुण्यात, लष्कराच्या हिशेब खात्यात. म्हणजे चक्क ब्रिटिश सैन्याच्या जमाखर्चाची कारकुनी! आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही. घरी पोहोचेपर्यंत आई गेली होती. हा घाव कायमचा राहिला. न्यायमूर्ती रानड्यांच्या भाषणांमधून देशाचा पैसा बाहेर कसा जातो ते कळत गेलं. आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांमध्येही त्यांचं नाव आहे. 1876-77चा दुष्काळ पडला आणि गावोगावची उपासमार त्यांनी स्वतः फिरून पाहिली. त्यानंतर अर्ज-विनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला.

लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते दांडपट्टा, तलवार आणि निशाणेबाजी शिकले. म्हणजे नेम धरता येत होता. अडचण पुढे होती.

गोळी सरळ बसली तर...

एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्यांना ‘ग्रुपिंग’ माहीत असतं. पाच गोळ्या टार्गेटवर जितक्या जवळजवळ लागतील तितकं ग्रुपिंग चांगलं. पण ते फक्त नेमबाजाच्या हातात नसतं. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो. त्यातून जाताना लांबट गोळी स्वतःभोवती गरगर फिरते आणि म्हणूनच सरळ जाते. भोवऱ्याची आर वाकडी बसली की भोवरा कसा लडबडतो, ते आठवा. गोळीचंही तेच. काडतुसात ती केसभर तिरकी बसली असेल, तर नळीत तिरकी शिरते आणि बाहेर पडल्यावर डुलत जाते. परदेशात काही हौशी नेमबाज वापरलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरतात. गोळी किती वाकडी बसलीय हे ते डायल गेजने, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आणि एनसीसीची पॉइंट टू टू गोळी पुन्हा भरण्याजोगी नसतेच, कारण तिचा पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो.

आता 1879 मध्ये या. तेव्हा गावागावातली बंदूक म्हणजे ठासणीची. आधी नळीत दारू ओतायची, मग शिशाची गोल गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. गोळी घरच्या घरी, शिसं वितळवून साच्यात पाडलेली. ती नळीत सहज उतरावी म्हणून मुद्दाम थोडी बारीक ठेवायची. पण मग चाप ओढल्यावर ती नळीच्या भिंतींवर इकडेतिकडे आपटत बाहेर पडायची. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल, त्याच्या उलट बाजूला जायची. पन्नास-पाऊणशे पावलांपुढे नेम हा बराचसा नशिबाचा भाग. मिनिटाला दोन-तीन बार झाले तरी खूप. पावसात दारू भिजली तर तेही नाही.

सरकारी पलटणींकडे तोवर स्नायडर रायफली आल्या होत्या. ज्या एनफिल्डच्या काडतुसावरून 1857 पेटलं, तीच एनफिल्ड मागून उघडेल अशी करून स्नायडर तयार झाली होती. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी, सगळं पितळी काडतुसात एकत्र. गोळी कारखान्यातच सरळ बसवलेली. मागून काडतूस सरकवायचं आणि बार काढायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला दहा बार सहज काढायचा. पुण्याजवळ खडकीला 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. वासुदेवराव पुण्यात कारकुनी करत होते, त्याच काळात काही मैलांवर हे घडत होतं.

भरीला 1878चा शस्त्र कायदा आला. हत्यार आणि दारूगोळा बाळगायला हिंदी माणसाला परवाना लागणार, युरोपियनांना त्यातून सूट. थोडक्यात, चांगली बंदूक कुठून मिळवलीच, तरी तिचं काडतूस आणायचं कुठून?

पाच महिने

तरीही ते उभे राहिले. 23 फेब्रुवारी 1879 रोजी शिरूरजवळच्या धामारी गावावर पहिला छापा पडला. सोबत रामोशी, कोळी, धनगर मंडळी. हातात तलवारी आणि मोजक्या बंदुका. लुटीचा पैसा शस्त्रांना आणि नव्या माणसांना लागणार होता. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून कोकणात आले. पळस्पे आणि चिखले ही आपल्या पनवेलजवळची गावं त्यांनी लुटली. परत जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि त्या चकमकीत दौलतराव पडले. बंडाचा कणाच मोडला.

वासुदेवराव दक्षिणेत श्रीशैलला गेले, मग रोहिल्यांची फौज जमवायला निजामाच्या मुलखात. फौज उभी राहण्याआधीच, 20 जुलै 1879 रोजी, आजच्या कर्नाटकातल्या देवर नावदगी इथे डॅनियलने त्यांना पकडलं. अंगात ताप होता आणि ते झोपेत होते. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण फडक्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आत्मचरित्र आणि रोजनिशी हाच त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची.

एडनच्या तुरुंगातूनही त्यांनी एकदा दार बिजागऱ्यांतून उचकटून पळ काढला. पुन्हा पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं 37.

धाडस कमी पडलं असं कुणी म्हणू शकणार नाही. नेमही कमी पडला नसावा. कमी पडला तो कारखाना. पुढच्या पिढीने हे ओळखलेलं दिसतं. 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं गुपचूप हिंदुस्थानात पाठवली, काडतुसांसकट. नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर झाडलेली गोळी त्यातल्याच एका पिस्तुलाची होती. फडक्यांच्या बंडानंतर तीस वर्षांनी क्रांतिकारकांच्या हातात कारखान्यात बसवलेली, सरळ जाणारी गोळी आली होती. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या माणसाने मात्र ती नसताना सुरुवात केली.