विश्लेषण : भीमाकाठचे युरेनियम आणि भूवैज्ञानिक वाडिया

शिरूर, दौंडमधून वाहणारी भीमा पुढे कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात जाते. त्याच जिल्ह्यात गोगी येथे चुनखडकात युरेनियम सापडले आहे. मग नदी एकच असताना आपल्याकडे ते साठे का नाहीत? हा प्रश्न ज्यांच्या कामाशी जोडलेला आहे, ते म्हणजे डी. एन. वाडिया.

वाडिया कोण होते?

दाराशॉ नौशेरवान वाडिया यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे झाला. शिक्षण बडोद्यात झाले. १९०७ मध्ये ते जम्मूच्या महाविद्यालयात शिकवू लागले. सुट्टीत ते डोंगर पालथे घालत. शिवालिक टेकड्यांत त्यांना स्टेगोडॉन या लुप्त झालेल्या हत्तीवर्गीय प्राण्याचा सुळा मिळाला. भारताच्या भूरचनेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १९१९ मध्ये आले. १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. नंगा पर्वताजवळ हिमालयाच्या रांगा अचानक का वळतात, याचा उलगडा त्यांनी केला.

युरेनियमची जबाबदारी कशी आली?

स्वातंत्र्यानंतर अणुकार्यक्रमासाठी देशातच इंधन शोधणे गरजेचे होते. निवृत्तीचे वय उलटून गेलेल्या वाडियांकडे १९४९ मध्ये अणुखनिजांच्या शोधाची धुरा आली. १९५१ मध्ये आताच्या झारखंडमधील जादूगुडा येथे साठा सापडला. १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

गाळाच्या खडकात युरेनियम कसे साठते?

प्राणवायूयुक्त पाण्यात युरेनियम विरघळते आणि त्याबरोबर वाहते. वाटेत सेंद्रिय पदार्थ किंवा पायराइट लागले की ते तेथेच साचते. मेघालयातील वालुकाश्म, आंध्रातील तुम्मलपल्ले आणि गोगी येथील साठे वाडियांच्या पश्चात उजेडात आले. मेघालयात स्थानिकांच्या विरोधामुळे खाण रखडली. शोध लागला तरी जमीन, पाणी आणि आरोग्याचे प्रश्न उरतातच.

शिरूर-दौंडचे काय?

येथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या तुलनेत फारच कमी असते. गोगीचे खडक याहून कितीतरी जुने आहेत. भीमा लाव्हाचे पठार ओलांडून त्या खडकांपर्यंत पोहोचते. नदी एकच असली, तरी तिच्या तळाचा खडक बदलत जातो. खनिज शोधताना आधी खडक ओळखावा लागतो, हे वाडियांनी आयुष्यभर केलेल्या कामाचे सार आहे.