दातांच्या किटणात जंतू पाहणारा कापडवाला

वेंगुर्ले : वेंगुर्ल्यातली डच वखार आज पडक्या अवस्थेत उभी आहे. सतराव्या शतकात ही वखार चालवणाऱ्या डच कंपनीची एक कचेरी हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातही होती. त्याच डेल्फ्टमध्ये १६३२ साली अँटनी व्हॅन लिवेनहॉक जन्मले. माणसाच्या तोंडातले जंतू जगात सर्वात आधी पाहिले ते यांनीच.

वडील टोपल्या विणायचे. ते अँटनी लहान असतानाच वारले. सोळाव्या वर्षी पोरगा ॲमस्टरडॅमला कापड दुकानात कामाला लागला. पुढे गावी येऊन स्वतःचं दुकान टाकलं, नगरपालिकेत चाकरीही केली. कॉलेज नाही, आणि डच सोडून दुसरी भाषा येत नव्हती. कापडाचे धागे तपासायला तेव्हा व्यापारी भिंग वापरत. लिवेनहॉक स्वतःच भिंगं घासू लागले. त्यांचं एक भिंग वस्तू अडीचशे पटींहून मोठी दाखवतं.

१६७६ मध्ये, मिरी तिखट का लागते हे बघायला त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. भिंगातून बघतात तर पाण्यात बारीक जीव वळवळत होते! त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, पण शिकलेल्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी धर्मगुरूंसारख्या प्रतिष्ठित लोकांना ते जीव दाखवून त्यांचे दाखले पाठवले. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांना लंडनमध्ये तेच दिसलं, तेव्हा कुठे शंका मिटली. १६८० मध्ये सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं.

१६८३ मध्ये त्यांनी स्वतःचे दात तपासले. ते रोज मिठाने दात घासत, फडक्याने पुसत. तरी दाढांच्या फटीत पांढरं किटण राहायचं. ते पावसाच्या पाण्यात कालवून पाहिलं, तर त्यात वेगवेगळ्या प्रकारचे जीव पोहत होते. आयुष्यात कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या किटणात तर त्यांची झुंबड होती. आपल्या देशात माणसं नाहीत एवढे जीव आपल्या तोंडात आहेत, असा त्यांनी हिशोब मांडला.

आज माणसाच्या तोंडात जंतूंच्या ७०० च्या आसपास जाती माहीत आहेत. गावात वाड्या असतात तशा त्यांच्याही वस्त्या असतात. काही जंतू आधी दाताला चिकटतात, त्यांच्यावर दुसरे बसतात. हवा लागणारे कडेला, हवा नको असलेले आत. गोड खाल्लं की त्यातले काही आम्ल तयार करतात आणि दात किडतो. ही वस्ती नुसती चूळ भरून जात नाही, घासावीच लागते.

लिवेनहॉक यांनी पाचशेच्या वर भिंगं घडवली, पण आपली खास पद्धत कोणाला सांगितली नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते वारले. शेवटच्या आजारपणातही त्यांचं लिहिणं थांबलं नव्हतं.