वाळवंटात पेरलेले जीवन : फादर युसेबियो किनो



अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर, निवडुंगांच्या रखरखीत रानात एक पांढरेशुभ्र चर्च उभे आहे. लोक त्याला ‘वाळवंटातील पांढरे कबूतर’ म्हणतात. त्याचे नाव सान झेवियर देल बाक. ज्यांचे पवित्र शरीर गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत जपून ठेवले आहे, त्या आपल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच नावाचे हे चर्च. हे नाव तेथवर नेले येशूसंघीय धर्मगुरू फादर युसेबियो किनो यांनी.

उत्तर इटलीतील सेन्यो या डोंगरी खेड्यात १६४५ साली त्यांचा जन्म झाला. ऑस्ट्रियात शिकत असताना, अठराव्या वर्षी ते अतिशय आजारी पडले. जगण्याची आशा उरली नव्हती. त्यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला की, बरा झालो तर येशूसंघात जाईन आणि दूरदेशी सुवार्ता नेईन. ते बरे झाले. १६६५ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि आपल्या नावाला त्यांनी ‘फ्रान्सिस’ हे नाव जोडले.

त्यांच्या मनात एकच ध्यास होता : चीन. तेथे विद्वानांना मान होता, म्हणून त्यांनी गणित व खगोलशास्त्राचा कसून अभ्यास केला. १६७८ साली वरिष्ठांकडून जागा आल्या त्या दोन : एक फिलिपीन्सची, एक मेक्सिकोची. फिलिपीन्स म्हणजे चीनच्या वाटेवर. दोघा सोबत्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. किनो यांच्या हाती मेक्सिकोची चिठ्ठी आली. ज्यांना नवस केला होता ते संत फ्रान्सिस झेवियरही १५५२ साली चीनच्या किनाऱ्यासमोरील बेटावरच मरण पावले होते. चीन त्यांनाही लाभला नव्हता.

मार्च १६८७ मध्ये फादर किनो सोनोराच्या वाळवंटी प्रदेशात आले. येथील ओ’ओधाम लोकांना स्पॅनिश लोक ‘पिमा’ म्हणत. त्या भागात चांदीच्या खाणी होत्या आणि मूळ रहिवाशांना तेथे बळजबरीने राबवले जाई. ख्रिस्ताचे नाव सांगणारा आणि खाणीत ढकलणारा एकाच राज्याचा असेल, तर लोकांनी कोणत्या तोंडाने विश्वास ठेवावा? फादर किनो यांनी हे आधीच ओळखले होते. नवख्रिस्ती लोकांना २० वर्षे खाणीच्या वेठीतून सूट देणारा राजाचा हुकूम हाती घेऊनच ते तेथे गेले. मग दुःखी मातेच्या नावाने त्यांनी दोलोरेस येथे पहिले मिशन उभारले.

ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. गुरे, घोडे, मेंढ्या आणि गव्हाचे बियाणे त्यांनी गावोगाव पोचवले. ओ’ओधाम हे कसलेले शेतकरी. पाट काढून ते मका, शेंगा व भोपळा पिकवत; पण ही पिके उन्हाळी पावसाची. गहू हिवाळ्यात वाढतो. त्यामुळे साठा संपत आल्यावर, ऐन टंचाईच्या दिवसांत घरात धान्य येऊ लागले. मिशनच्या बागांत अंजीर, डाळिंब, पीच यांची झाडे वाढली. टूसॉन परिसरात आजही त्या जुन्या वाणांची झाडे जपून लावली जातात.

१६९५ साल मोठ्या कसोटीचे ठरले. एप्रिलमध्ये काबोर्का येथे तरुण धर्मगुरू फादर साएता यांची हत्या झाली. गुन्हेगार दाखवून देण्यासाठी जूनमध्ये अनेक पिमा लोक शस्त्रे बाजूला ठेवून सैनिकांपुढे आले. तेथे सैनिकांनी जवळपास ५० जणांना कापून काढले. बहुतेक निरपराध होते. संतापाने सारा मुलूख पेटला, चर्च जाळली गेली. फादर किनो दोलोरेस सोडून गेले नाहीत. त्यांनी दोन्ही बाजूंशी बोलून ऑगस्टअखेर समेट घडवून आणला. पुढे मेक्सिको शहरापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर घोड्यावरून जाऊन त्यांनी या लोकांची बाजू वरिष्ठांपुढे मांडली. फादर साएतांचे चरित्र लिहिले, तेही एका खुनासाठी साऱ्या जमातीला दोषी धरू नये असे सांगत. आपल्या माणसाच्या मरणाचे दुःख असतानाही त्यांनी न्याय सोडला नाही.

बाक येथे ते १६९२ साली प्रथम गेले आणि त्यांनी त्या गावाला आपल्या संताचे नाव दिले. २८ एप्रिल १७०० रोजी चर्चचा पाया घातला. मात्र ते चर्च त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. आज दिसते ती वास्तू फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या काळात, १७८३ ते १७९७ दरम्यान, ओ’ओधाम लोकांच्या श्रमाने उभी राहिली. त्यांचे वंशज आजही तेथे मिस्साला येतात. मिशनच्या मागोमाग युरोपातील रोगराई आणि परकी सत्ताही आली, त्याची किंमत याच लोकांनी मोजली, हेही आपण विसरू नये.

मार्च १७११ मध्ये माग्दालेना येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नव्या चॅपेलच्या समर्पणासाठी ते गेले. मिस्सा चालू असतानाच त्यांना बरे वाटेनासे झाले. १५ मार्चला त्यांनी प्राण सोडला. अंथरूण दोन वासरांच्या कातड्यांचे, उशाला खोगीर. जुलै २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले.

बंधुभगिनींनो, आपणही नोव्हेना करतो, नवस करतो. नोकरी, लग्न, परदेश, मुलांचे शिक्षण यांपैकी मागितलेली चिठ्ठी सर्वांनाच मिळत नाही. फादर किनो यांनी चीनसाठी शिकलेले गणित वाळवंटाचे नकाशे काढायला वापरले. कॅलिफोर्निया हे बेट नसून जमिनीने जोडलेले आहे, हे त्या नकाशांनी दाखवले. हाती आलेली चिठ्ठी त्यांनी प्रभूची मानली आणि २४ वर्षे त्या मातीत पेरत राहिले. आपल्या हातातील चिठ्ठी आज पुन्हा एकदा उघडून पाहू या.